बेयायनेतू : शाकाहारी थाळी की उपवासाचे ताट?

माळरान
परदेशस्थ मराठी मंडळींच्या लिखाणात ‘इथिओपियन व्हीगन थाळी’चे कौतुक हल्ली वरचेवर वाचायला मिळते. मोठा गोल इंजेरा, म्हणजे टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी, अंथरलेला, त्यावर लाल मसुराचे मिसिर वोट (वोट म्हणजे दाट रस्सा), वाटाण्याच्या डाळीची हळद घातलेली किक अलिचा, गोमेनची शिजवलेली हिरवी पाने, कोबी-गाजर-बटाट्याची तिकिल गोमेन, बीट, मोहरी लावलेली हिरव्या मसुराची अझिफा, आणि चारी बाजूंनी बसलेली माणसे त्याच ताटात जेवत आहेत, असे ते वर्णन असते. या ताटाचे नाव बेयायनेतू.

माझे म्हणणे असे आहे की याला शाकाहारी थाळी म्हणणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. हे मुळात इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चच्या उपवासाचे, म्हणजे त्सोमचे जेवण आहे. दर बुधवारी व शुक्रवारी, ईस्टरपूर्वीच्या ५५ दिवसांच्या हुदादेत, ऑगस्टमधल्या फिल्सेतात आणि ख्रिसमसच्या आधी मांस, अंडी, दूध, लोणी यांतले काहीही चालत नाही. सामान्य भाविकाचे असे दिवस वर्षाकाठी १८० च्या आसपास भरतात आणि धर्मगुरूंचे २५० च्या घरात जातात. इतके दिवस दूधदुभत्यालाही न शिवता काढायचे असल्यामुळे डाळींचे आणि पालेभाज्यांचे तिथले पाकशास्त्र इतके कसदार झाले, असे मला वाटते. पण हाच भाविक फासिकाला, म्हणजे ईस्टरला, उपवास सोडताना कोंबडीचे दोरो वोट आवडीने खातो. आजन्म शाकाहार ही कल्पना तिथे फारशी रुजलेली नाही.

म्हणून दोन प्रश्न विचारते. जन्माने आणि सवयीने शाकाहारी असलेल्या माणसाने या ताटावर कितपत विसंबावे? आणि टेफचे पीठ मिळत नसेल तर आपल्याकडच्या धान्यांचा इंजेरा घरी जमतो का?

अदिसकर
नोकरीनिमित्त अदिस अबाबात राहतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. बुधवारी आणि शुक्रवारी अगदी कोपऱ्यावरच्या टपरीवजा खानावळीतही बेयायनेतू मिळते आणि ते डोळे मिटून खावे. हुदादेच्या काळात तर बरीच मटणाची दुकाने बंद असतात. इतर वारी मात्र ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण मांस नसलेल्या पदार्थातही निटर किब्बे, म्हणजे मसाले घालून कढवलेले तूप, सढळ हाताने पडते. तूप चालणाऱ्यांना त्यात वावगे काही नाही, पण दूध-तूप वर्ज्य असेल तर ‘ये-त्सोम’, म्हणजे उपवासाचे, असे स्पष्ट सांगावे. शिरो मागवतानाही सावध असावे. भाजलेल्या हरभऱ्याचे किंवा घेवड्यासारख्या बाकला शेंगांच्या दाण्यांचे मसालेदार पीठ शिजवून केलेला हा दाट पदार्थ मातीच्या भांड्यात रटरटत समोर येतो, आणि त्याच्याच ‘बोझेना’ प्रकारात मांसाचे तुकडे असतात.

आणखी एक गोष्ट, जी पाहुण्यांना कोणी आधी सांगत नाही. मासा उपवासाला चालतो की नाही याबद्दल तिथल्या भाविकांतच एकमत नाही. त्यामुळे काही ठिकाणी उपवासाच्या यादीतच मासा असतो.

खवचट_आजोबा
आपल्या उपवासाला दूध, तूप, दही चालते आणि वरण-भाजी चालत नाही. त्यांच्या उपवासाला वरण-भाजी चालते आणि दूध-तूप चालत नाही. दोन्ही उपवास एकाच दिवशी धरावेत, म्हणजे खरा उपवास घडेल.

उंबरठा
आजोबा, तरीही बटाटा आणि शेंगदाणे उरतातच. मराठी माणसाला तेवढे पुरेसे आहेत.

तुळशीमाळ
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या घरी माळ आहे, कांदा-लसूण चालत नाही. अशा माणसासाठी या ताटात काय उरते?

फोडणी
तुळशीमाळताई, खरे सांगायचे तर फारच थोडे. वोटची सगळी इमारतच कांद्यावर उभी असते. आपण आधी तेल तापवतो आणि मग कांदा टाकतो. तिथे अगदी बारीक चिरलेला लाल कांदा कोरड्या भांड्यात, तेलाच्या थेंबाशिवाय, मंद आचेवर परतत राहतात. खाली लागू लागला की पाण्याचा हबका मारायचा आणि पुन्हा ढवळायचे. कांद्याचा आकार मोडून त्याचा लगदा झाला की मग तेल घालायचे, त्यानंतर बर्बेरे, आणि तो मसालाही घाईने नव्हे तर कडा सुटेपर्यंत शिजवायचा. डाळ त्यानंतर पडते. दाटपणा येतो तो या कांद्यामुळे, म्हणून कांदा वगळून केलेले मिसिर वोट म्हणजे नुसती तिखट डाळ होईल.

बर्बेरेतही लाल मिरचीबरोबर लसूण आणि आले असते. बाकीचे मसाले मात्र आपल्या फळीवरचेच आहेत: मेथी, ओवा, कलौंजी, धने. अनोळखी असते ती कोरारिमा, म्हणजे त्यांची वेलची, जिचा वास आपल्या हिरव्या वेलचीपेक्षा रांगडा आणि किंचित कापरासारखा असतो. ती नसेल तर मसाला तिखट होतो, पण त्याला अदिसचा वास येत नाही.

आपल्यासाठी दोन पर्याय सुचवते. सूफ फितफित म्हणजे सूर्यफुलाच्या बिया शिजवून, वाटून, गाळून निघालेल्या दुधात कुस्करलेला इंजेरा. त्यातला कच्चा कांदा वगळता येतो. जवसाचेही असेच करतात. घरी करणार असाल तर हे दोन्ही जमतील, बाहेर मात्र आधी सांगून ठेवावे लागेल.

तुळशीमाळ
धन्यवाद. म्हणजे आम्ही ताटाखालचा इंजेरा खायचा आणि वरच्या ढिगांचे वर्णन इतरांकडून ऐकायचे.

उंबरठा
अन्नाविषयी पूर्ण आदर राखून विचारतो, उष्ट्याचे काय? चार माणसे एकाच ताटात जेवणार, हाताने जेवणार, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या तोंडात घास घालणार. माझ्या आईला हे नुसते ऐकूनच पाणी प्यावे लागले.

पोटोमॅक
उंबरठा, वॉशिंग्टनच्या परिसरात इथिओपियन वस्ती मोठी आहे आणि आमच्या कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर मी अनेकदा असा जेवलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. जेवणापूर्वी हात धुणे हा तिथे उपचार नसून जेवणाचाच भाग आहे. जुन्या पद्धतीच्या घरात तांब्या-तस्त घेऊन कोणीतरी प्रत्येकाच्या हातावर पाणी घालते. जेवायचे ते उजव्या हाताने. बाजूला गुंडाळून ठेवलेल्या इंजेऱ्याचा तुकडा तोडायचा, त्या तुकड्यातच भाजी चिमटीत धरायची आणि घास तोंडात टाकायचा. बोटे चाटणे असभ्य समजतात. प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातून खायचे असते, पलीकडे हात लांबवायचा नसतो. हे नियम पाळले तर बोटे भाजीला फारशी लागतच नाहीत. आपल्या आईंचे समाधान यामुळे होईल असा माझा दावा नाही, पण निष्काळजीपणाची शंका तरी त्यांनी घेऊ नये.

घास भरवण्याला गुर्शा म्हणतात. यजमान पाहुण्याला, धाकटा थोरल्याला, मित्र मित्राला भरवतो. घास मोठा असणे हे प्रेमाचे लक्षण मानतात आणि तो नाकारणे बरे दिसत नाही. एकावर सहसा थांबत नाहीत. नवख्या माणसाने तोंड पुरेसे उघडावे, एवढाच अनुभवी सल्ला.

खवचट_आजोबा
आपल्याकडे लग्नात घास भरवताना नाव घ्यावे लागते. इथिओपियात रोज चौघांना भरवायचे म्हणजे उखाण्यांचा साठा केवढा लागेल!

निरंजना
माळरान यांच्या मूळ मांडणीशी मी सहमत नाही. इथिओपियात सुमारे एक तृतीयांश लोक मुस्लीम आहेत, शिवाय प्रोटेस्टंट पंथीयही मोठ्या संख्येने आहेत. ते त्सोम पाळत नाहीत, तरी मिसिर आणि शिरो त्यांच्याही घरी शिजते. शिवाय उपवास असो वा नसो, मांस महाग असल्यामुळे असंख्य कुटुंबांचे रोजचे जेवण शिरो आणि इंजेरा हेच आहे. ज्या घरात मांस सणासुदीलाच येते, त्या घरातल्या शिरोला ‘उपवासाचा पदार्थ’ म्हणणे म्हणजे परिस्थितीला व्रताचे नाव देणे होय. दुसरे असे की लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स अॅव्हेन्यूवर, ज्या भागाला २००२ मध्ये ‘लिटल इथिओपिया’ असे अधिकृत नाव मिळाले, तिथले खानावळवाले स्वतःच फलकावर ‘व्हीगन’ असे लिहितात. आपला माल कोणत्या नावाने विकावा हे ठरवायला ते समर्थ आहेत. आपण त्यांच्या वतीने हळवे होण्याचे कारण नाही.

माळरान
निरंजना, गरिबीचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो या धाग्यात यायलाच हवा होता. तरीही एक फरक करावासा वाटतो. शिरो रोजचा आहे. बेयायनेतू मात्र रोजचे नाही. एका ताटात सात-आठ पदार्थ, त्यांत दोन तिखट, दोन सौम्य, एखादा आंबट, एखादा गार, अशी मांडणी तयार ठेवणे खानावळीला परवडते ते बुधवारी आणि शुक्रवारी सगळे गाव तेच मागणार याची खात्री असते म्हणून. पदार्थ गरिबीतून आले असतील, पण ताट पंचांगाने जुळवले आहे. फलकाबद्दल म्हणाल, तर विक्रेत्याने काहीही लिहावे. प्रश्न खाणाऱ्याच्या समजुतीचा आहे. ‘व्हीगन’ वाचून गेलेल्या माणसाला शनिवारी त्याच दुकानातल्या गोमेनमध्ये तूप का आले हे कळत नाही. उपवास ठाऊक असलेल्याला कळते.

निरंजना
ताट पंचांगाने जुळवले आहे हे मान्य. मात्र शनिवारच्या तुपाबद्दल बोलायचे तर फलकावर ‘व्हीगन’ लिहून तूप घालणे ही लबाडी आहे, त्याला धर्मशास्त्राची ढाल नको. माझ्या वाट्याला एका दुकानात हे आले आहे. विचारल्यावर ‘थोडेसेच असते’ असे उत्तर मिळाले.

इतिहासवेडा
मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. निजामशाहीचा कारभार त्याने केला, खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली. जंजिऱ्याचे सिद्दीही तिकडचेच. मग दख्खनच्या जेवणावर इंजेऱ्याचा काही ठसा उमटला असेल का?

वावर
इतिहासवेडा, तसा पदार्थ आपल्याकडे दिसत नाही. गुलाम म्हणून लहानपणीच बाजारात विकल्या गेलेल्या माणसाबरोबर स्वयंपाकघर येत नाही. मात्र पिकांचा संबंध मलिक अंबरापेक्षा कितीतरी जुना आहे आणि माळरान यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

ज्वारी ईशान्य आफ्रिकेतून आली. नाचणीचे मूळही पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातले. इथिओपियात तिला दागुसा म्हणतात. आणि आपण ज्याची चटणी करतो ते कारळे, म्हणजे खुरासणी, तेही मूळचे इथिओपियाचेच. तिथे त्याला नूग म्हणतात आणि उपवासाच्या दिवशी तूप बाद झाले की परंपरेने त्याचेच तेल पुढे येते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळा संपताना खुरासणीची पिवळी शेते दिसतात, तशीच ती इथिओपियाच्या पठारावरही दिसतात. बेयायनेतू घरी करणाऱ्यांनी ऑलिव्हचे तेल आणण्याऐवजी खुरासणीचे घाण्याचे तेल वापरून पाहावे; मुळाशी जास्त इमान राखले जाईल.

इंजेरा ज्वारीचा होतो का? होतो, आणि ही काही परदेशस्थांची तडजोड नाही. जिथे टेफ पिकत नाही किंवा परवडत नाही अशा सखल, उष्ण भागात ज्वारीचाच इंजेरा करतात. दोष एवढाच की तो लवकर कडक होतो आणि गुंडाळताना चिरतो. टेफचा इंजेरा दोन-तीन दिवस मऊ राहतो. म्हणून टेफमध्ये ज्वारी मिसळण्याची पद्धत आहे.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक इशारा. आपली लाखोळी डाळ तिथे गुआया नावाने पिकते आणि स्वस्त शिरोच्या पिठात तीही असते. दुष्काळात तीच मुख्य अन्न झाली की पायांतले बळ जाण्याचा आजार होतो, हे दोन्ही देशांनी भोगले आहे. एखाद्या जेवणाने काही होत नाही, पण पीठ विकत घेताना कशाचे आहे ते वाचावे.

उंबरठा
मग इंजेरा म्हणजे आपली आंबोळीच म्हणायची. जाळी तीच, आंबट चव तीच, हात लावल्यावर तोच मऊपणा.

पोटोमॅक
दिसण्यापुरती म्हणा, करण्यात बराच फरक आहे. आंबोळीत तांदळाबरोबर उडीद असतो आणि पिठाला धरून ठेवण्याचे काम तो करतो. इंजेऱ्यात डाळ नाही. टेफ हे जगातल्या सर्वांत बारीक धान्यांपैकी एक. दाणा इतका लहान की त्याचा कोंडा वेगळा काढता येत नाही, सगळाच दाणा दळला जातो. त्यात ग्लुटेनही नाही. मग पीठ जुळून येते कसे? मागच्या खेपेच्या आंबवणावर जमलेले पिवळसर पाणी, ज्याला एर्शो म्हणतात, ते नव्या पिठात घालून दोन-तीन दिवस ठेवतात. वर साचलेले पाणी काढून टाकतात. मग थोडे पीठ बाजूला काढून उकळत्या पाण्यात शिजवून त्याची पेज करतात आणि ती पेज परत मूळ पिठात ओततात. हे अब्सित. या शिजवलेल्या भागामुळे पीठ एकजीव होते आणि पुन्हा फुगते. ही पायरी गाळली तर इंजेरा सपाट राहतो आणि त्याला डोळे, म्हणजे जाळी, पडत नाहीत.

मिताद हा मातीचा मोठा तवा, अर्ध्या मीटरहून रुंद. त्यावर तेल नव्हे तर मोहरीवर्गीय बियांची पूड फडक्याने घासतात. पीठ कडेपासून सुरू करून गोल गोल आत आणत ओतायचे, वरचा ओला थर सुकत डोळे उघडू लागले की झाकण घालायचे, आणि कडा सुटल्या की गवताच्या विणलेल्या चकतीवर सरकवून घ्यायचे. उलटायचे नाही. गार होण्याआधी एकावर एक ठेवले की चिकटून गोळा होतो. शहरांत आता विजेचे मिताद आले आहेत, कारण एका चुलीला लागणारे सरपण फार आहे.

अमेरिकेतल्या बऱ्याच ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी टेफमध्ये गहू किंवा जव मिसळतात. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनी ‘इंजेरा म्हणजे ग्लुटेनविरहित’ असे गृहीत धरू नये.

फोडणी
पोटोमॅक यांनी अब्सितचे लिहिले हे फार बरे झाले. त्याशिवायच्या पाककृतींत सोडा घालून वेळ मारून नेलेली असते. माझा अनुभव जोडते. नाचणीचे पीठ एकटे वापरले तर इंजेरा ठिसूळ होतो. अर्धी नाचणी आणि अर्धी ज्वारी घेऊन अब्सित थोडी जास्त घातली तर घरच्या बिडाच्या तव्यावर, झाकण ठेवून, वीतभर व्यासाचे बरे उतरतात. खरा मोठा इंजेरा घरगुती शेगडीवर होत नाही, हे मान्य करून ताटात लहान चार मांडावेत. आणि ताटाखालचा, सगळ्या रसांनी भिजलेला इंजेरा टाकून देऊ नये! बीटाची लाली, डाळीचे तिखट आणि अझिफातली मोहरी त्यात उतरलेली असते. जाणकार शेवटी त्यावरच तुटून पडतात.

इतिहासवेडा
टेफ इतके गुणी आहे तर ते भारतात सर्रास का मिळत नाही?

वावर
पुरवठ्याची कथा मोठी आहे. देशातले भाव चढू नयेत म्हणून इथिओपियाने २००६ मध्ये टेफचे धान्य बाहेर पाठवण्यावर बंदी घातली. तयार इंजेरा मात्र विमानाने जात राहिला. २०१५ च्या सुमारास ही बंदी काही मोठ्या शेतांपुरती सैल झाली. दरम्यान एका डच कंपनीने टेफच्या पिठावर युरोपात २००७ मध्ये पेटंट मिळवले होते. हजारो वर्षे जे धान्य तिथल्या बायका दळत आल्या, त्याच्या पिठावर हक्क दुसऱ्याचा! हेगच्या न्यायालयाने २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये ते रद्द ठरवले. हळदीच्या पेटंटचा लढा आठवणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही.

तुळशीमाळ
मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण माझ्या भाचीचे मे महिन्यात अदिसला जाणे ठरते आहे. ती शाकाहारी आहे, कांदा-लसूण खाते. तिने बुधवार-शुक्रवार धरून बेत आखावा का?

अदिसकर
ताई, मे महिना म्हणालात म्हणून बरे झाले. फासिका साधारण एप्रिलमध्ये किंवा मेच्या सुरुवातीला येते आणि त्यानंतरचे पन्नास दिवस बुधवार-शुक्रवारचा उपवासही नसतो. शाकाहाऱ्यासाठी वर्षातला सर्वांत अवघड काळ तोच. दोन महिने लोकांनी वाट पाहिलेली असते. जिकडेतिकडे मांस आणि लोणी. फलकावरून बेयायनेतू नाहीसे होते किंवा दोन-तीन पदार्थांवर येते.

तरी उपाशी राहावे लागणार नाही. शिरो बाराही महिने मिळतो. तो मागवताना ‘बे-झेयित’, म्हणजे तेलात करा, असे सांगावे. मिसिर बहुतेक ठिकाणी करून देतात, फक्त वेळ लागतो, कारण फोडणीताईंनी वर्णन केलेला कांदा तेवढ्यासाठी पुन्हा परतावा लागतो. तारखा बदलता येत असतील तर भाचीने हुदादेत, म्हणजे मार्चमध्ये यावे. नाही बदलता आल्या तर पहिल्याच दिवशी मुक्कामाजवळची एक खानावळ धरून तिथल्या बाईंशी ओळख करून घ्यावी.

खवचट_आजोबा
आणि गुर्शा द्यायला कोणी पुढे सरसावले तर तोंड उघडण्याआधी घासात काय आहे ते विचारावे. नंतर बोलता येत नाही.